एस्तेरबाईंची मुकी फळी

"मग माझ्याच मुलीनं पियानो का सोडला, बाई?"

एस्तेरबाईंना उत्तराची घाई नव्हती. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पाचगणीत भरदुपारी धुकं उतरलं होतं. समोरचं सिल्व्हर ओकचं झाड घटकेत दिसायचं, घटकेत नाहीसं व्हायचं.

विचारणारी मृण्मयी परांजपे. लहानपणी बाईंकडेच पियानो शिकलेली, आता पुण्यात स्वतः नावाजलेली टीचर. तिनं तयार केलेलं सरावाचं साहित्य आठ शहरांतले पियानोशिक्षक मागवत, आणि हे सांगायला ती कधी विसरत नसे. तिची बारा वर्षांची रेवा मात्र दोन महिन्यांपूर्वी पियानोचं झाकण लावून उठली, ती पुन्हा बसलीच नव्हती.

मृण्मयीनं पिशवी टेबलावर रिकामी केली. पट्ट्यांवर चिकटवायचे रंगीत स्टिकर, स्वर ओळखायची कार्डं, बोटांच्या व्यायामाच्या वह्या. टिकटिक करत लय धरून ठेवणारा मेट्रोनोम, तोही फुलपाखराच्या आकाराचा.

बाईंनी एकेक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली. मेट्रोनोम तर दोनदा चालू करून पाहिला.

"छान केलंयस गं. आमच्या वेळी असं काही असतं तर..."

मृण्मयी खुलली. तिनं एक लांबलचक तक्ता उलगडला. चौकोनाचौकोनात सोनेरी स्टार.

"हा रेवाचा. सोडेपर्यंत वर्षभरात एक दिवस खाडा नाही, बाई."

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या तक्त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"यातल्या कुठल्या दिवशी तिनं सुंदर वाजवलं?"

मृण्मयी तक्त्यावर वाकून चौकोन बघू लागली.

"सांग की."

"चाळीस मिनिटं भरली की स्टार लागतो, बाई. नियमच आहे तसा."

"बरं."

ते 'बरं' मृण्मयीला चांगलंच झोंबलं.

"मी काय कमी केलं तिच्यासाठी? तुम्हीच सांगा ना!"

बाई उठल्या. कपाटामागून त्यांनी एक लांब लाकडी फळी ओढून काढली आणि पदरानं पुसली. फळीवर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या होत्या. पांढरा रंग जागोजागी बोटांनी झिजून गेला होता.

"हॉस्टेलात आम्ही एकोणीस मुली आणि पियानो एक. आठवड्याला अर्धा तास वाट्याला यायचा. बाकीचे दिवस हीच. तिथल्या सुतारकाकांनी करून दिलेली."

"पण हिला आवाज..."

"वाजव. रेवाला आवडायचं असं काहीतरी."

बाईंचं आता वय झालं, असं मृण्मयीच्या मनात येऊन गेलं. तरी त्यांचा मान राखायचा म्हणून तिनं फळी टेबलावर नीट ठेवली आणि सुरुवात केली. बोटं बिनचूक पडत होती. लाकडावर टकटक... टकटक...

बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"इथं घाई करतेस."

"बाई, आवाजच नाही. तुम्हाला कसं..."

"मला येतंय की ऐकू. तुला?"

मृण्मयीची बोटं थांबली. तिनं कान देऊन पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. तिला फार लाज वाटली.

"परत. सावकाश."

या वेळी तिनंही डोळे मिटले. उघड्या खिडकीतून धुकं आत येत होतं, गार हवा गालाला लागत होती. टकटक हळूहळू पुसट झाली. मग फार लांबून एक स्वर आला... त्याच्यामागून दुसरा. ती त्यांच्यामागे चालत गेली. खोली राहिली नाही, पाचगणी राहिली नाही. त्या सुरांत कुणीतरी बोबडं गुणगुणत होतं, सुराला सोडून, अगदी मजेत.

मृण्मयीचे डोळे वाहू लागले.

"बाई, रेवा चार वर्षांची होती तेव्हा मी हे वाजवायचे. ती पियानोखाली येऊन बसायची, माझ्या पायांशी. म्हणायची, आई, इथं खूप ऐकू येतं."

"मग?"

"मीच तिला बाहेर काढलं. म्हटलं, शिकायचं असेल तर नीट स्टुलावर बस."

"आता काय असतं तिथं?"

"खोकी. वह्यांची, स्टिकरांची. कुरियरवाला येईपर्यंत तिथंच ठेवते."

बाहेरचं झाड आता पूर्ण नाहीसं झालं होतं.

"मी आता तिला काय शिकवू, बाई?"

बाईंनी टेबलावरच्या सगळ्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या. तक्त्याची जुनीच घडी सांभाळून घातली. पिशवी तिच्या हातात दिली आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

"घरी गेलीस की पियानोखाली झाडून घे. मग बस वाजवायला... आणि कुणाला हाक मारू नकोस."