खंडेनवमीचा सर्व्हर

"चार वर्षांत एकदाही बंद केला नाहीस?" निरंजनबुवांनी विचारलं.

"एकदाही नाही," शार्दूल म्हणाला. म्हणताना त्याची छाती इंचभर फुगली, हेही सांगून टाकायला हवं.

मठाच्या नेत्र रुग्णालयातला तो सर्व्हर बारा वर्षांचा. रुग्णांची सगळी माहिती त्याच्याच पोटात. त्यातलं सॉफ्टवेअर आता पार जुनं झालं होतं. ते काढून नवं घालायचं, म्हणून शार्दूलने महिनाभर खपून आराखडा केला होता. चांगली चाळीस पानं. कुठल्या मिनिटाला काय करायचं, तेसुद्धा त्यात होतं.

बुवांनी हो म्हटलं की काम सुरू. संन्यास घेण्याआधी बुवा यंत्रंच दुरुस्त करायचे, आणि शार्दूलच्या आधी हा सर्व्हरही तेच बघायचे. त्यामुळे पोराला नुसता होकार नको होता, शाबासकी हवी होती.

बुवांनी आराखड्याचं बाड मांडीवर घेतलं. उघडलं मात्र नाही.

"आज काय आहे रे?"

"खंडेनवमी."

बाहेर पाटावर अवजारं मांडून झाली होती. डॉक्टरांचे चिमटे, माळ्याची कुदळ, स्वयंपाकघरातली विळी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना सुट्टी. सर्व्हरलाही झेंडूची माळ घातली होती, पण आतला पंखा आपला घरघरतच होता.

"मग याला का नाही सुट्टी?"

शार्दूलला हसू आलं. यंत्र थकत नाही, सर्व्हर जितका अखंड चालेल तितकं सांभाळणाऱ्याचं कौतुक, असं बरंच काही त्याने समजावून सांगितलं. बुवांनी सगळं मन लावून ऐकलं.

"मी दर खंडेनवमीला बंद करायचो," ते म्हणाले. "आज रुग्णालय बंदच आहे. कर बंद."

शार्दूल उठला. बटणापर्यंत हात गेला... आणि तिथेच राहिला.

चार वर्षं न थांबता फिरलेली डिस्क. थांबली आणि पुन्हा फिरलीच नाही तर? दसरा उलटला की मोतीबिंदूच्या बासष्ट शस्त्रक्रिया होत्या. कुणाच्या डोळ्यात किती नंबरचं भिंग बसवायचं, ते सारं याच खोक्यात. बॅकअप रोज निघत होता, हे खरं. पण तो दुसरीकडे उघडतो का, हे त्याने एकदाही करून पाहिलं नव्हतं.

आणि आपल्याच आराखड्याची पहिली ओळ त्याला आठवली. सर्व्हर बंद करणे.

"बुवा..." त्याने हात मागे घेतला. "हा पुन्हा चालू झाला नाही तर?"

बुवांनी चष्मा लावला. बाड उघडलं. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले... मग मान वर करून, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं,

"ते कितव्या पानावर आहे?"