खारा झालेला डोह

अपरान्त देशी सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शंखिनी नदीत खडस माशाच्या कुळात जन्मला. खडस हा गोड्या पाण्याचा मासा. नदी खाडीला मिळते त्याच्या जरा वरच्या अंगाला त्यांचा डोह होता. वादळ आलं की सगळ्यांनी डोहाच्या तळाशी जाऊन गप्प बसायचं, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत.

त्या वर्षी वाऱ्याने समुद्र उचलला आणि खाडीतून थेट नदीत लोटला. खारं पाणी जड. पावसाच्या हलक्या पाण्याखालून ते सरपटत आलं आणि डोहात उतरलं. हिरवट, संथ, झोपेसारखं. तळाशी बसलेल्यांचे कल्ले मंदावले. त्यांना वाटलं, किती शांत आहे इथे.

तरुण बोधिसत्त्वाचा जीव गुदमरला म्हणून तो वर आला. वर पाणी गोड होतं. तिथेच थांबला असता तर वाचलाच होता. पण धाकटी बहीण तरला खाली होती. तो उलटा फिरला.

"आजोबा, सगळ्यांना वर काढा. डोह खारा झालाय," त्याने म्होरक्या महाशल्काला सांगितलं.

"शेपूट फुटून चार दिवस झाले नाहीत, आणि मला डोह शिकवतोस?" म्हातारा म्हणाला. "वर बगळे वाट बघतायत. जा, तूच भेटून ये."

"बगळे फांद्यांना चिकटून बसलेत. इथे पोरं मरतायत, आणि तुम्ही रीत सांभाळताय."

महाशल्काने तोंड फिरवलं. बोधिसत्त्व वर गेला, तोंडभर गोडं पाणी घेऊन आला आणि तरलाच्या तोंडात सोडलं. तिचे कल्ले थरथरले.

"दादा, अजून."

"अजून वर आहे. चल."

ती निघाली, तिच्यामागे पोरं, पोरांमागे आया. तळाशी म्हातारा तेवढा उरला, आडवा पडलेला.

"राहू दे त्याला तिथेच," एक आई म्हणाली.

बोधिसत्त्वाचे कल्ले खाऱ्या पाण्याने पोळले होते. तरी तो उतरला आणि डोक्याने ढकलत ढकलत म्हाताऱ्याला वर घेऊन आला.

वारा पडला. समुद्र आपलं पाणी ओढत खाडीतून परत निघाला. मासे काठची मुळं तोंडात धरून त्या ओढीत तरंगत राहिले. डोहाच्या तळचं खारं मात्र हललं नाही. पुढचे कित्येक पाऊस ते तिथेच निजून होतं.

शुद्धीवर येताच महाशल्क म्हणाला, "मी निघणारच होतो."

"हो आजोबा," बोधिसत्त्व म्हणाला, आणि आपलं जाडसं मूळ त्याला धरायला दिलं.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, नव्यांना तोंड उघडू न देणारे हे आपले वृद्ध थेर भिक्षू, तेच तेव्हाचे महाशल्क. तरला म्हणजे परवा संघात आलेली ती धाकटी भिक्षुणी. आणि तो खडस मी होतो. चूक कबूल न करणाऱ्यालाही वर काढायचं, याला करुणा म्हणतात."