मुजऱ्याचे हात आणि सगुणेची मडकी

कडेवळण नावाचं इवलंसं संस्थान होतं. तिथे धैर्यशीलराव राजे राज्य करत, आणि तळ्याकाठी सगुणा कुंभारीण नवऱ्यासोबत मडकी घडवी. राजांनी बदकांच्या शिकारीसाठी तळं लोकांना बंद केलं, काठची माती मिळेना, अन् सगुणेचं चाक थांबलं.

पुढे देशात लोकांचं राज्य आलं. राजे म्हणाले, "आम्हीही लोकांना विचारू." सगळ्यांना चौकात बोलावलं. तिथली रीत अशी, की सरकार बोलले की प्रत्येकाने कपाळाला हात नेऊन मुजरा करायचा.

राजांनी विचारलं, "आम्हीच राज्य करावं, असं कोणाला वाटतं? हात वर करा."

झालं! सवयीने सगळे हात वर गेले. राजे मिशीत हसले. "बघा, एकमत!"

सगुणा पुढे झाली. "सरकार, एकदा उलटंही विचारा की."

"त्यात काय! आम्ही नको, असं कोणाला वाटतं?"

पुन्हा सगळे हात वर. दिवाणजींचासुद्धा!

"अगं, हे काय?" राजे चक्रावले.

"सरकार, हे हात तुम्हाला भितात, ते मत कसलं देणार? आडोशाला माझी दोन मडकी ठेवते. सरकार हवेत त्याने तांबड्यात खडा टाकावा, नकोत त्याने काळ्यात. तुम्ही तेवढं लांब बसा."

चौकात हशा पिकला. राजांना नाही म्हणता येईना.

संध्याकाळी मडकी फोडली. तांबड्यात एकच खडा निघाला, आणि तो आपलाच म्हणून राणीसाहेब अन् दिवाणजी भांडत बसले.

राजे पायउतार झाले, आणि लोकांनी निवडलेल्या नव्या पंचांनी पहिल्याच दिवशी तळं खुलं केलं. सगुणेचं चाक पुन्हा फिरू लागलं, ते आजतागायत तिच्या नातवंडांच्या हाती फिरतंय.