शेवाळाचा मान

फार मागे एका शेततळ्यात रिवाज होता: भिंतीवरचं हिरवं शेवाळ आधी थोरांनी खायचं. थोर मासे भिंत पार खरवडून काढत. पिलांच्या वाट्याला यायचं ते उन्हात पडून कस गेलेलं पोत्यातलं खाद्य.

रोहूची पोर चंदी त्यावरच वाढली आणि कण्यात वाकली.

"आजोबा, पाठ सरळ होत नाही. थोडं शेवाळ द्या," ती थोरांपैकी म्हाताऱ्या कटला माशाला म्हणाली.

"आळस आहे तो. या तळ्यात आणण्याआधी, तुझ्या वयात आम्ही नदी उलटी चढायचो."

"तेव्हा काय खायचात?"

"शेवाळच की. नदीभर होतं."

"मग आम्हाला?"

"मोठ्यांना उलट बोलू नये."

दुसऱ्या दिवशी बगळा उतरला. सरळ पोहणारे थोर निसटले, चंदी चोचीत गेली.

शोकसभेत कटला म्हणाला, "ताठ राहा, किती सांगितलं पोरीला." बोलताना त्याच्या तोंडातून शेवाळ सांडत होतं.