अटीविना जोडणी

"पण सर, अटच काढून टाकली तर जोडणीला अर्थ काय राहिला?"

सुयोगने हे विचारलं तेव्हा लोखंडे सर खिडकीतून खाली पाहत होते. रुग्णालयाच्या पायरीवर कौसाबाई बसली होती.

दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली होती. डेटाबेसमध्ये दोन टेबलं होती. एकात घरच्यांनी सांगितलेली बेपत्ता माणसं, दुसऱ्यात डॉक्टरांनी नोंदवलेले मृतदेह. सरांच्या या हुशार विद्यार्थ्याने वय, उंची, स्त्री की पुरुष हे जुळवून दोन्ही जोडली होती. बरेच देह त्यामुळे घरच्यांच्या हाती गेले. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता.

कौसाबाईच्या मुलाच्या नावासमोर मात्र काहीच येत नव्हतं. तो इथे नाही, असं सुयोगनेच तिला सांगितलं होतं. ती गेली नव्हती.

"क्रॉस जॉइन लाव," सर पुन्हा म्हणाले.

म्हणजे इकडची प्रत्येक ओळ तिकडच्या प्रत्येक ओळीशी जोडायची, काही न विचारता. नवशिके चुकून लावतात आणि मशीन बंद पाडतात. सुयोगने नाइलाजाने लावला. ओळींमागून ओळी येत राहिल्या. कौसाबाईचा मुलगा म्हाताऱ्यांसमोर, बायकांसमोर, सगळ्यांसमोर.

"नुसता कचरा आहे, सर."

सर खाली उतरले, पहारेकऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि कौसाबाईला शवागारात घेऊन गेले. सुयोग मागोमाग गेला.

ती एकेक चादर उचलू लागली. म्हातारा. बाई. पुन्हा बाई... प्रत्येकाचं तोंड नीट पाहायची आणि चादर होती तशी सारखी करायची. हिला थांबवावं, असं सुयोगला वाटत होतं.

भिंतीकडच्या एका लहान देहापाशी ती खाली बसली.

पायाला चिठ्ठी बांधली होती. घाईत कुणीतरी 'मुलगी' असं लिहिलं होतं. केस खांद्याखाली आलेले, चिखलाने माखलेले.

"नवसाचे राखले होते," ती म्हणाली. "जत्रेत उतरवायचे होते."

मग ती बोटांनी केसांतला चिखल सोडवत बसली.

सुयोग व्हरांड्यात आला. सर आधीच तिथे येऊन उभे होते.

"नोंद चुकली होती, सर. माझी जोडणी बरोबर होती."

"बरोबर होती," सर म्हणाले. "जा, तिला सांगून ये."