सशाचे घट्ट बूट

मुलांनो, घाटाखालच्या एका जंगलात एक ससा होता आणि त्याच्याकडे एक हलकीशी सायकल होती. रोज सकाळी हरणांची टोळी सायकली काढून घाटापलीकडच्या तळ्यावर जाई. तिच्यामागून ससा आणि बदकताई निघत. घाटाचा चढ संपला की एक ओढा लागे आणि ओढ्याकाठी कोल्हा बसलेला असे. टोळीच्या वाटेला तो कधी जात नसे, पण जो मागे एकटा सापडेल त्याची खैर नव्हती. आणि मागे कोण पडायचे? आपला ससाच! चढावर त्याचे लांबोडके पाय पॅडलवरून सटासट घसरत, हरणे पुढे निघून जात आणि ओढा पार होईपर्यंत बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागे. बदकताईचे बरे होते. वेळ आली तर ती उडून जाऊ शकत होती.

शेवटी ससा साळिंदरकाकांच्या सायकलच्या दुकानात गेला. (या दुकानात गिऱ्हाइकांची चाके फार पंक्चर होत. का, ते तुम्हीच ओळखा.) काकांनी बुटांचे दोन जोड समोर ठेवले. "हे बघा ससेभाऊ, दोन्हींच्या तळाला ही अशी क्लीट, म्हणजे अडकवायची पट्टी असते. ती पॅडलमध्ये खट्‌कन अडकते, मग पाय घसरायचं नाव नाही. या जोडाची क्लीट छोटी आहे, तळात दडलेली. उतरून चालता येतं आणि पाय पटकन सुटतो. नवशिक्याला हाच बरा. तो दुसरा शर्यतीचा. तळ कडक, पकड घट्ट. बिबटेसाहेब तोच वापरतात."

बिबट्याचे नाव निघाल्यावर सशाने पहिल्या जोडाकडे ढुंकूनही पाहिले नाही. "सगळ्यात घट्ट धरतो तो द्या!"

"न्या. पण आधी भिंतीला टेकून अडकवायची-सोडवायची सवय करा. टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो. वर ओढून सुटत नाही, बरं का!"

"अहो काका, सुटायला काय शिकायचं? ससा आहे मी. एक उडी मारली की मोकळा!"

दुसऱ्या दिवशी चढावर कमालच झाली. पाय जागचे हलेनात आणि ससा शेवटच्या हरणाच्या चाकाला चाक लावून वर पोहोचला. त्याच्या कानांत वारे शिरले, आणि सशाचे कान ते केवढे! बदकताई कुठल्या कुठे मागे राहिली. हरणांनी ओढा ओलांडला आणि तेवढ्यात गव्यांचा कळप मध्ये रस्त्यावर आला. सशाने कच्चकन ब्रेक दाबला. घाबरला की ससा काय करतो? वर उडी मारतो. यानेही मारली. पण क्लीट कुठली सोडतेय! सायकलच हातभर वर उचलली गेली आणि सायकल व ससा दोघेही धप्पकन रस्त्यावर आडवे झाले.

कोल्हा सावकाश उठला. त्याने अंग झाडले, आळोखेपिळोखे दिले. "वा वा! आज माल बांधूनच पाठवलाय की!"

ससा पाय वर ओढतोय, आणखी जोरात ओढतोय, पण पाय काही निघेनात. इतक्यात मागून बदकताई आली आणि लांबूनच ओरडली, "अरे वेड्या, वर काय ओढतोस? टाच बाहेर! मी चालते तशी!" पंजे आत, टाचा बाहेर, अशी तिची डुलती चाल. त्या चालीला ससा रोज खुदूखुदू हसायचा. आज हसायला सवड नव्हती. त्याने जिवाच्या आकांताने टाच बाहेर फिरवली आणि खट्! एक पाय सुटला. दुसरा सायकलखाली होता, तो फिरेना. मग त्याने पट्टा सोडून पायच बुटातून उपसला. कोल्ह्याने झडप घातली, तेव्हा त्याच्या तोंडात नुसता बूट आला. ससा करवंदीच्या जाळीत केव्हाच पसार झाला होता.

हरणांनी सायकल परत आणून दिली. बुटाचा मात्र पार चोथा झाला होता. ससा कान पाडून पुन्हा दुकानात गेला. काकांनी विचारले, "काय ससेभाऊ, आणखी घट्ट देऊ?"

"चेष्टा नका करू, काका. सगळ्यात लवकर सुटतो तो द्या."

त्या संध्याकाळी तो दुकानाच्या भिंतीला टेकून पाय अडकवत राहिला, सोडवत राहिला. नंतर तर बदकताईच्या मागे मागे तिच्यासारखा डुलत चालला. अख्खे जंगल हसले, पण याने मनावर घेतले नाही.

पुढे एकदा ओढ्यापाशी गवे पुन्हा आडवे आले. या वेळी सशाने उडी मारली नाही. टाचा बाहेर फिरल्या. खट्, खट्! दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तो सायकलसकट ताठ उभा राहिला. अर्धवट उठलेल्या कोल्ह्याने ते पाहिले आणि तो पुन्हा पंजांवर डोके ठेवून आडवा झाला. "छ्या," तो पुटपुटला, "आज माल सुटा आहे."

तात्पर्य : कशातही पाय अडकवण्याआधी तो सोडवायचा कसा, हे शिकून घ्यावे.