पालथ्या तव्याचं तळं

हिंगणदऱ्याच्या वेशीतून खाली उतरलं की तळं लागतं. तळ्याच्या मधोमध एक काळा, वाटोळा दगड आहे, पालथ्या घातलेल्या तव्यासारखा. पावसाळ्यात त्याची नुसती पाठ दिसते, उन्हाळ्यात पुरता उघडा पडतो. बाहेरगावची माणसं येतात, दगडाचे फोटो काढतात आणि गावात चहाला बसली की विचारतात, इथं दुपारी एवढं गप्प का असतं?

गप्प असतं, कारण दुपारी जेवणाच्या वेळी या गावात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. बाया पिठाच्या हातानं घराबाहेर पडतात. पोरगं गोट्या खेळत असो नाहीतर चिंचेवर चढलेलं असो, जाऊन दंडाला धरून घरी आणतात. नवी नवरी दारातून हाक मारायला तोंड उघडते तेव्हा सासू तिच्या तोंडावर हात दाबते. पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे. ज्यांना हसू येतं त्यांनी ऐकून घ्यावं आणि मग हसावं.

फार मागं या गावात ठकूआई नावाची म्हातारी होती असं सांगतात. तिचा मुलगा खंडू, सून हौसा, सात वर्षांचा नातू भिवा आणि पाच वर्षांची नात तानी, एवढंच घर. म्हातारीला देवधर्माचं वेड नव्हतं, माहेराची ओढ नव्हती. तिचं सगळं सुख चुलीपुढं होतं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी. मोठ्या भाकरी झाल्या की उरल्या पिठाच्या ती दोन चानक्या थापायची. चानकी म्हणजे लेकराच्या तळहाताएवढी भाकरी. भिवाच्या चानकीवर बोटाचे तीन ठसे, तानीच्या चानकीवर दोन, म्हणजे भांडण नको. मग दारात उभी राहून हाक मारायची, "भिवाऽ, तानूबायऽ, चला, निवतंय!" ती हाक म्हणे तळ्याच्या पलीकडच्या रानात ऐकू जायची. जेवण झालं की तानीला दोन्ही हातांनी उचलून बघायची, पोटात किती गेलंय ते. तराजू लागत नव्हता तिला.

दुपार कलली की वाकळ शिवायला बसायची. घरातल्या एकेका माणसाचं जुनेर त्या वाकळेत असायचं आणि शिवताना लेकरांना सांगायची, हा तुझ्या बाच्या मुंडाशाचा तुकडा, हे तुझं पयलं झबलं. लेकरं तिथंच तिच्या मांडीला टेकून झोपायची.

आता हौसाचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे. नऊ वर्षं ती त्या घरात नांदली आणि नऊ वर्षांत तिला चुलीपुढं बसू दिलं नाही. शेण, पाणी, खुरपणी, कापणी सगळं तिचं. चूल सासूची. एकदा तिनं भाकरी थापली होती, ती तव्यात चिरली. सासू म्हणाली, "राहू दे बाई, तुझा हात खुरप्यालाच बरा." पोरं हसली. हौसा हसली नाही. स्वतःची पोरं दुसरीच्या हातचं खाऊन दुसरीच्या कुशीत झोपतात, हे तिला रोज डोळ्यांनी बघावं लागत होतं. म्हातारी वाईट नव्हती. पण चांगल्या माणसाचासुद्धा जाच होतो, आणि तो कुणाला सांगता येत नाही.

एका सकाळी ठकूआई वाकळेच्या चिंध्या धुवायला तळ्यावर गेली ती आली नाही. हौसा बघायला गेली तर म्हातारी काठच्या धुण्याच्या दगडावर बसलेली, पाय पाण्यात, हातात पिळलेली चिंधी. हाक मारली, उत्तर नाही. खांद्याला हात लावला तर खांदा गार. काम करता करताच जीव गेला होता. तिला स्वतःला तरी कळलं होतं की नाही कोण जाणे.

पोरं तेव्हा मावशीच्या गावी होती. खंडूनं त्यांना तेरा दिवस तिथंच ठेवलं आणि निरोप धाडला, आजी तिच्या माहेरी गेलीया. लेकरांना दुःख नको म्हणून खोटं सांगितलं. पहिली चूक ती.

दुसरी चूक दहाव्याला झाली. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. लिंबावर चार कावळे बसून होते, एक खाली येईना. खंडू हात जोडून म्हणाला, "आई, लेकरांना जपतो." कावळा आला नाही. "वाकळ पुरी करून घेतो." नाही. भावकीतल्या एकेकानं काय काय कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं. शेजारची कोंडाबाई हौसाच्या कानाशी म्हणाली, "तू बोल की गं. चूल मी सांभाळते, लेकरांना मी वाढते, म्हण. दुसरं काय अडकलं असंल म्हातारीचं?"

हौसाला ते ठाऊक होतं, कोंडाबाईच्या आधीपासून ठाऊक होतं. पण तिचे दात मिटले ते मिटलेच. नऊ वर्षं मला चुलीला शिवू दिलं नाहीस, आता मी तुझी मनधरणी करू? असं तिच्या मनात आलं म्हणे. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि माणसं जेवायला घरी आली.

लेकरं परत आली. हौसानं पहिल्यांदा स्वतःच्या चुलीवर भाकरी केली. कडक झाली, कडा करपल्या, पण तिची होती. दारात उभी राहून तिनं हाक मारली, "भिवाऽ, तानेऽ, जेवायला या!"

आणि तळ्याकडून दुसरी हाक आली. "भिवाऽ, तानूबायऽ, चला, निवतंय!"

हौसानं ती ऐकली. हातातलं उलथनं तिच्या पायावर पडलं तरी तिला कळलं नाही. घटकाभरानं पोरं हसत घरी आली. ओठांना पीठ लागलेलं, हात ओले.

"कुठं हुता रं?"

"आजीकडं. आजी आलीया. चानकी दिली."

हौसानं दोघांना दोन दोन मुस्काटात ठेवल्या. पोरं रडली, पण तिच्या भाकरीला त्यांनी तोंड लावलं नाही. पोट भरलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खंडूनं भगत आणला, उंबऱ्यावर लिंबू कापलं, दाराला बिब्बा टांगला. दाराला कडी घातली तर पोरं आत बसल्या जागी तोंड हलवायची आणि गिळायची.

महिन्याभरात भिवा वाळून काटकी झाला. ताप नाही, जुलाब नाही. रोज म्हणायचा, "आये, लई जेवलो." एका दुपारी जेवून आला, भिंतीला टेकून बसला आणि तसाच गेला. तोंडावर तृप्ती होती. सणाचं जेवण झाल्यावर माणसाचं तोंड दिसतं तसं. हौसाला रडू आलं नाही. तिला त्या तोंडाचा राग आला.

आता तानी उरली होती. तिच्या फासळ्या झबल्यावरून मोजता यायला लागल्या. कोंडाबाई म्हणाली, "म्हातारी तुझ्या हातचं खाऊच देईना बघ तिला."

"मग म्हातारीलाच इचारते," हौसा म्हणाली. तिनं पदरात पीठ बांधलं, तवा घेतला, काखेत जळण मारलं आणि दुसऱ्या हातानं तानीचा दंड धरला. हाक येण्याच्या आतच निघाली. खंडू वाटेत आडवा आला. त्याला म्हणाली, "बाजूला व्हा. दर्भाचा कावळा करून झालं न्हवं तुमचं?" तो बाजूला झाला.

तळ्यावर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडेनात. पाण्यात, जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं, ठकूआई चूल मांडून बसली होती. चुलीत जाळ होता आणि जाळाला धग नव्हती. हातांच्या कोपरांवरून पाणी गळत होतं. आणि तिच्या शेजारी ओली वाकळ पांघरून भिवा बसला होता. पुढ्यात चानकी, चानकीवर तीन ठसे. तो खात होता. आईकडे त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागला.

हौसानं तानीचा दंड आणखी घट्ट धरला.

"आलीस व्हय तानूबाय," म्हातारी म्हणाली. "आन् हौसे, तू का आलीस उन्हाची? रान वाऱ्यावर टाकलंस?"

"आत्याबाई," हौसा म्हणाली, "तुम्ही मेलाय."

"मेल्यागत कामं पडल्यात. मरायला सवड कुठं हाय मला?"

"दीड महिना झाला. मी माझ्या हातांनी तुम्हाला आंघोळ घातली. भिवाबी मेला. तुमच्या भाकरीनं मेला."

म्हातारी हसली. सुनेचं बोलणं तिनं जन्मात कधी मनावर घेतलं नव्हतं. तिनं हात पुढं केले आणि तानी हौसाच्या मुठीतून निसटून आजीकडं गेली. म्हातारीनं नेहमीसारखं तिला दोन्ही हातांनी उचललं. आणि तिचे हात वरच राहिले. पुन्हा खाली घेतली, पुन्हा उचलली.

"ही एवढी हलकी कशी गं? खायला घालत न्हाईस का हिला?"

"महिनाभर तुम्हीच घालताय."

म्हातारीनं तव्यावरची भाकरी उचलून मोडली. आत पापुद्रा नव्हता. नुसतं पाणी होतं, ते तिच्या बोटांमधून खाली गळलं. बराच वेळ ती त्या पाण्याकडं बघत राहिली. तळ्यावर एक पाखरू हललं नाही असं सांगतात.

"मग हिला कोण वाढणार?" ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

दहाव्याला जे गिळलं होतं ते हौसाच्या तोंडातून आता निघालं. "मी. मी वाढीन. तवाच म्हणायचं हुतं, म्हणाले न्हाई. माझं पोर गेलं त्याच्यापायी."

"तुझी भाकरी चिरती."

"तुम्ही शिकवली कुठं?"

म्हातारीनं बोटांचं पाणी झटकलं. मग म्हणाली, "मांड चूल."

हौसानं काठावर तीन दगड मांडले, जाळ केला. सासू पाण्यातून सांगत होती, सून काठावर करत होती. पाणी ऊन घे. मळताना तळव्याचा जोर लाव, बोटांचा नको. घाई करू नगं, भाकरीला कळतं. पहिली चिरली. दुसरी तव्याला चिकटली. तिसरी लहानशी थापली, तिच्यावर कुणी न सांगता बोटाचे दोन ठसे उमटवले, आणि ती टम्म फुगली. हौसानं ती फुंकर मारून निववली आणि हातावर धरली. तोंडानं हाक मारली नाही. तिची हिंमत झाली नाही.

तानी एकदा आजीकडं बघायची, एकदा त्या चानकीकडं. आजीनं तिला खाली ठेवलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा कुठं पोरगी काठावर आली आणि आईच्या हातची भाकरी खाल्ली.

"भिवाला द्या माझ्या," हौसा म्हणाली.

"त्याचं खाऊन झालंय, बाई. त्याला मी बघते." मग म्हातारी म्हणाली, "दुपारच्याला पोरांची नावं घेऊन हाका मारू नगा. ऐकलं तर मला राहवायचं न्हाई. मला माझा भरवसा न्हाई, हौसे." आणि तिनं आपला तवा चुलीवरून काढून पाण्यात पालथा घातला. घरात कुणी गेल्यावरच तवा पालथा घालायची या गावची रीत होती. तो तिनं स्वतःसाठी स्वतःच्या हातानं घातला. धग नसलेल्या जाळावरचा तो तवा, तरी वाफेचा लोट उठला. वाफ विरली तेव्हा चूल नव्हती, म्हातारी नव्हती, भिवा नव्हता. तो दगड होता.

तानी जगली. अंगानं भरली, लग्न होऊन गावातच नांदली. पण त्या दिवसापासून तिचं पोट कशानं भरलं नाही म्हणतात. दोन भाकरी खाल्ल्या तरी नाही, चार खाल्ल्या तरी नाही. हौसाची भाकरी पुढं अशी झाली की आजूबाजूच्या गावांत नाव निघायचं, तरीही नाही. रोज वाढून झालं की हौसा विचारायची, "भरलं का गं?" तानी तळ्याकडं बघत म्हणायची, "भरलं." रोज तेच. हौसाला कळत होतं. एके दिवशी तिनं विचारायचं सोडून दिलं.

आजही तळं आटलं की गावातल्या बाया त्या दगडावर हात ठेवून बघतात आणि आभाळ भरून ऊन नसलं तरी भर दुपारी तो गरम लागतो. आजही पोरांना दंडाला धरूनच जेवायला आणतात. आणि हिंगणदऱ्यातलं लेकरू जेवून उठताना कुणी न विचारता "भरलं" असं म्हणतं, आणि आई ते खरं धरून ताट उचलते.